बंद पडलेल्या अणुभट्ट्या: पाडायच्या, झाकायच्या की वारसा म्हणून जपायच्या?

मुरारजी पेठ
सोलापूर कट्ट्यावर अणुभट्टीचा धागा कशाला, असं काही जणांना वाटेल. म्हणून कारण आधी सांगतो.

एखादा उद्योग संपतो म्हणजे काय होतं, हे आपल्याइतकं कुणाला ठाऊक असणार? १८७७ साली मोरारजी गोकुळदासांनी सुरू केलेली जुनी मिल गेली. लक्ष्मी-विष्णू गेली, नरसिंग गिरजी गेली. यंत्रं भंगारात गेली. "जुनी मिल कंपाऊंड" हा रिक्षावाल्याला सांगायचा पत्ता तेवढा उरला. साच्यावर (कापड विणायच्या मागावर) पहिला दिवस कसा जायचा, भोंगा कोण द्यायचं, बॉयलरवर उन्हाळ्यात माणसं कशी टिकायची, हे सांगणारे आता फार थोडे राहिलेत.

हेच आता अणुउद्योगाच्या बाबतीत जगभर होऊ घातलंय. १९४० ते ७० या काळात उभ्या राहिलेल्या भट्ट्या एकेक करून बंद होताहेत. आपल्या राज्यातलंच बघा. ट्रॉम्बेची अप्सरा ४ ऑगस्ट १९५६ ला सुरू झाली, २००९ मध्ये थांबली. सायरस १९६० ला सुरू झाली आणि ३१ डिसेंबर २०१० ला कायमची बंद झाली. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या १९६९ पासूनच्या. त्यांचाही दिवस कधीतरी येणारच.

अमेरिकेत अशा एका भट्टीचं काय केलं, ते थोडं तपशिलात सांगतो. वॉशिंग्टन राज्यात कोलंबिया नदीच्या काठी हॅनफर्ड म्हणून जागा आहे. तिथली 'बी रिअॅक्टर' ही प्लुटोनियम बनवणारी जगातली पहिली पूर्ण आकाराची भट्टी. २६ सप्टेंबर १९४४ ला पेटली, १९६८ ला बंद झाली. नागासाकीवर पडलेल्या बॉम्बमधलं प्लुटोनियम हॅनफर्डचं. २००८ मध्ये तिला राष्ट्रीय ऐतिहासिक स्थळाचा दर्जा मिळाला आणि २०१५ मध्ये हॅनफर्ड आणि त्याच बॉम्बच्या प्रकल्पातल्या ओक रिज व लॉस अलामॉस या जागा मिळून एक राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. लोकांना आत नेऊन भट्टी दाखवणं त्याआधीच सुरू झालं होतं.

आत गेलं की समोर भट्टीचं तोंड दिसतं. सुमारे अकरा मीटर उंच, तितकंच रुंद, आणि त्यावर इंधन भरायच्या नळ्यांची २००४ तोंडं ओळीनं. गणितानं खरं तर १५०० नळ्या पुरेशा होत्या. बांधकाम करणाऱ्या ड्यू पाँटच्या इंजिनियरांनी हट्टानं ५०४ जास्त ठेवायला लावल्या. भट्टी पेटली आणि काही तासांतच तिची शक्ती आपोआप उतरू लागली, शेवटी ती विझली. काही तासांनी पुन्हा आपोआप चालू. कारण होतं झेनॉन-१३५. विखंडनातून (अणू फुटण्यातून) तयार होणारा हा वायू न्यूट्रॉन गिळतो आणि सुमारे नऊ तासांत निम्मा होतो. त्याच्यावर मात करायला जास्तीचं इंधन लागणार होतं, आणि ते भरायला त्या जादा नळ्या होत्याच. पुस्तकात हे दोन ओळींत येतं. त्या भिंतीसमोर उभं राहिल्यावर चौकोनाच्या कोपऱ्यांतल्या त्या जादा नळ्या डोळ्यांनी मोजता येतात. कंट्रोल रूममध्ये प्रत्येक नळीच्या पाण्याचा दाब दाखवणारं वेगळं मीटर आहे. म्हणजे तिथंही २००४.

आणि ही भट्टी वाचली कशी? हॅनफर्डला नदीकाठी अशा एकूण नऊ भट्ट्या. बाकीच्या पोलादी पत्र्यात बंद करून ठेवायचं धोरण ठरलं. बी रिअॅक्टर वाचली, कारण तिथं काम केलेले निवृत्त लोक संघटना काढून वर्षानुवर्षं मागे लागले.

माझं म्हणणं सरळ आहे. अणुस्थळं जपायची की नाही, हे ती बंद व्हायच्या आधी ठरलं पाहिजे. कामगारांची, विस्थापितांची आणि आसपासच्या गावांची आठवण यंत्राइतकीच जपली पाहिजे. अणुस्थळाच्या बाबतीत विसरणं परवडत नाही, कारण तिथली काही द्रव्यं आपल्या दहा-वीस पिढ्यांनंतरही तिथंच असणार आहेत. तुम्हाला काय वाटतं?

शेंगापोळी
वाचतेय. विषय नवा आहे माझ्यासाठी. एकच शंका, जिथं प्लुटोनियम बनवायचे तिथं पर्यटक कसे नेतात? धोका नाही का?

बोईसर ते सोलापूर
शेंगापोळी ताई, मी सांगतो. माझी नोकरी तारापूरला गेली, आता जुळे सोलापुरात असतो.

भट्टी बंद केली की पहिलं काम म्हणजे इंधन काढणं. किरणोत्साराचा फार मोठा वाटा त्या वापरलेल्या इंधनात असतो. ते बाहेर गेलं, पाणी काढलं, की उरतं ते दोन प्रकारचं. एक म्हणजे चिकटलेली धूळ आणि घाण. ती धुता-खरवडता येते. दुसरं म्हणजे न्यूट्रॉनच्या माऱ्यानं खुद्द पोलाद आणि ग्राफाइट (न्यूट्रॉनचा वेग कमी करायला काही भट्ट्यांत रचलेला कार्बन) किरणोत्सारी झालेलं असतं. ते धुऊन जात नाही. पोलादातलं कोबाल्ट-६० साधारण सव्वापाच वर्षांनी निम्मं होतं, म्हणजे पन्नास वर्षं थांबलात तर हजारातला एखादा भाग उरतो. ग्राफाइटमधल्या कार्बन-१४ ला मात्र निम्मं व्हायला ५७३० वर्षं लागतात. पण ते सगळं जाड भिंतीच्या आत असतं. पर्यटकांची वाट आधी मीटरनं मोजून, आखून दिलेली असते. आखलेल्या वाटेवरून गेलं, भलतीकडे हात लावला नाही, तर भीती नाही.

तारापूरसारखी भट्टी मात्र जपायला जास्त अवघड. पहिल्या दोन भट्ट्या उकळत्या पाण्याच्या आहेत. भट्टीत पाण्याची वाफ होते आणि तीच वाफ थेट टर्बाइनला जाते. त्यामुळे टर्बाइनची बाजूही किरणोत्साराच्या हद्दीत येते. टीएलडी बॅज (अंगावर किती किरणोत्सार पडला ते मोजणारा बिल्ला) लावल्याशिवाय पाऊल टाकायचं नाही, आणि बाहेर पडताना हात-पाय मॉनिटरवर ठेवून मोजून घ्यायचे. हिरवा दिवा लागला की घरी. अशा जागेतलं काय ठेवायचं नि काय नाही, हे हेल्थ फिजिक्सवाले, म्हणजे किरणोत्सारापासूनची सुरक्षा बघणारे, ठरवतील. भावनेनं ठरवायचं काम नाही हे.

कडक भाकरी
मुरारजी पेठ, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला पटत नाही. शहराला चार-चार दिवसांआड पाणी मिळतं. उजनी भरली तरी नळाला पाणी नाही. आपला भुईकोट किल्ला बघा, तटाच्या भेगांत झाडं उगवतात. जे हजार-पाचशे वर्षांचं आहे ते सांभाळायला पैसे नाहीत आणि साठ वर्षांच्या काँक्रीटच्या डब्याला वारसा म्हणायचं?

दुसरं, ज्याच्यातून बॉम्ब निघाला त्याचं देऊळ कशाला करायचं? लोक तिथं जाऊन सेल्फी काढणार, गिफ्ट शॉपमधून टोप्या विकत घेणार. नागासाकीत मेले त्यांच्या नातवंडांना काय वाटेल?

तिसरं, हॅनफर्डला जमिनीखालच्या टाक्यांत अजून किती कचरा पडलाय तेही लिहा की.

मुरारजी पेठ
कडक भाकरी, तिन्ही मुद्दे रास्त आहेत. शेवटच्यापासून घेतो. हॅनफर्डला जमिनीखाली १७७ टाक्या आहेत आणि त्यांत सुमारे ५.६ कोटी गॅलन, म्हणजे एकवीस कोटी लिटरच्या आसपास, घातक कचरा साठवलेला. काही टाक्या गळल्या. साफसफाई अनेक दशकं चाललीय आणि पुढची अनेक दशकं चालणार आहे. हे त्या उद्यानात येणाऱ्याला सांगितलंच पाहिजे. नुसतं विज्ञानाचं कौतुक करून माणसाला परत पाठवायचं असेल तर मीही तुमच्या बाजूला उभा आहे.

नागासाकीचा प्रश्न जपानमधून त्या वेळीच विचारला गेला. २०१५ मध्ये उद्यान झालं तेव्हा हिरोशिमा आणि नागासाकीतून उघड चिंता व्यक्त झाली, की इथं बॉम्बचा गौरव होईल आणि माणसं मेली ते बाजूला राहील. पण त्यावर उपाय भट्टी पाडणं हा आहे का? पाडली तर प्रश्न विचारायची जागाच जाते. हिरोशिमानं आपलं काय केलं ते आठवा. स्फोटाच्या जवळ तगलेली ती घुमटाची इमारत पाडून टाका, बघवत नाही, असं म्हणणारे तिथंही खूप होते. ल्युकेमियानं गेलेल्या एका शाळकरी मुलीच्या डायरीनं जतनाच्या चळवळीला जोर आला, १९६६ मध्ये नगरपरिषदेनं ती कायम ठेवायचा ठराव केला आणि १९९६ मध्ये ती जागतिक वारसा झाली. तेव्हाही अमेरिकेनं त्या निर्णयापासून स्वतःला अलग ठेवलं होतं. जिथं दुखतं तिथं वाद होणार. मला तो वाद झालेला हवा आहे.

पैशाचं पुढच्या प्रतिसादात लिहितो.

हातमाग
मी गिरणी कामगाराची मुलगी. वडील लक्ष्मी-विष्णूत होते. मिल बंद झाली तेव्हा घरात काय झालं ते लिहीत बसत नाही, या कट्ट्यावरच्या निम्म्या घरांनी ते पाहिलंय. मला फक्त एवढं म्हणायचंय की वारसा म्हणताना तुम्ही लोक लगेच चिमणी नि यंत्रावर जाता. मुंबईत काळाचौकीच्या इंडिया युनायटेड मिलमध्ये महापालिकेनं वस्त्र संग्रहालयाचं काम काढलंय, चांगलंच आहे. पण साचा काचेत ठेवला म्हणजे साच्यावरची बाई आली का त्यात? आमच्या आईनं पाळीच्या वेळा सांभाळून जे घर चालवलं, त्याची नोंद कुठल्या संग्रहालयात होते?

अणुभट्टीतही झाडणारे, कपडे धुणारे, ठेकेदाराचे रोजंदारीवरचे लोक असणारच. त्यांचं काय?

बोईसर ते सोलापूर
हातमाग ताई, बरोबर बोललात. किरणोत्साराच्या भागात वापरलेले कपडे वेगळ्या लाँड्रीत जातात, ते धुणारे लोक वेगळे. मोठ्या शटडाऊनला, म्हणजे भट्टी कामासाठी थांबवतात तेव्हा, तर बाहेरची कितीतरी माणसं लागतात, कारण एका माणसानं किती डोस, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार, घ्यायचा याला मर्यादा आहे. एकाचा कोटा भरला की दुसरा. त्यांच्याशिवाय एकही रीफ्युएलिंग (नवं इंधन भरणं) झालं नसतं. फोटोत मात्र ते कुठंच नसतात.

मुरारजी पेठ
हातमाग, तुमचा प्रतिसाद वाचून मूळ लेखात आणखी एक गोष्ट यायला हवी असं वाटलं. ती इथं लिहितो.

हॅनफर्ड ओसाड माळ नव्हता. १९४३ च्या सुरुवातीला तिथं हॅनफर्ड आणि व्हाइट ब्लफ्स ही दोन गावं होती, पीच-सफरचंदाच्या बागा होत्या. सरकारनं थोड्या दिवसांची मुदत देऊन सगळ्यांना उठवलं. का, ते सांगितलं नाही. नदीवर पिढ्यान्‌पिढ्या मासेमारी करणाऱ्या वानापम लोकांचीही वाट बंद झाली. आज त्या उद्यानाच्या हद्दीत भट्टीबरोबरच हॅनफर्डच्या हायस्कूलचं उघडं पडलेलं सांगाडेवजा बांधकाम आणि व्हाइट ब्लफ्सच्या बँकेची छोटी इमारतही आहे. उठवलेल्या गावाची शाळा आणि ज्याच्यासाठी उठवलं ती भट्टी, दोन्ही एकाच फेरीत दिसतात. मला ही मांडणी प्रामाणिक वाटते.

तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या भट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावं उठली. कोळी, शेतकरी, बागायतदार माणसं. उद्या तारापुरात काही जपायचं झालं तर पोफरणची शाळा, देऊळ, किनाऱ्यावरची जागा यांची नोंद भट्टीच्या शेजारीच लागली पाहिजे. नाहीतर तो वारसा अर्धाच.

सोलापूर ते आइंडहोवन
नमस्कार मंडळी. मूळचा भवानी पेठेतला, आता नेदरलँड्समध्ये. पैशाच्या मुद्द्यावर इकडची काही उदाहरणं देतो.

इकडे सीमेलगत जर्मनीत काल्करला एक अणुभट्टी बांधून पूर्ण झाली, पण इंधन भरायच्या आधीच १९९१ मध्ये प्रकल्प रद्द झाला. आज तिथं मनोरंजन उद्यान आहे. थंड करायच्या मनोऱ्याच्या आत फिरता पाळणा, बाहेरून गिर्यारोहणाची भिंत. ऑस्ट्रियातल्या झ्वेन्टेनडॉर्फलाही तसंच. भट्टी तयार होती, १९७८ मध्ये सार्वमत घेतलं, ५०.४७ टक्के लोकांनी नको म्हटलं आणि ती कधीच पेटली नाही. आता तिथं प्रशिक्षण चालतं, सौर पॅनेल बसवलेत, लोकांना आत फिरवतात. पण या दोन्ही भट्ट्या कोऱ्या. त्यांच्याकडे बोट दाखवून "बघा किती सोपं आहे" असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका.

खरी चाललेली भट्टी बघायची तर स्टॉकहोमची. तिथल्या तंत्रविद्यापीठाच्या खाली, खडकात पंचवीस मीटर खोल, स्वीडनची पहिली भट्टी १९५४ ते १९७० चालली. भट्टी पूर्ण काढून जागा साफ केली आणि तो रिकामा हॉल आता नाटक, संगीत, प्रयोग यांना मिळतो. फ्रान्समध्ये शिनोंची पहिली भट्टी, गोल चेंडूसारखी, १९८६ पासून संग्रहालय आहे. रशियात ओबनिन्स्क, १९५४ ला जगात पहिल्यांदा ग्रिडला अणुवीज दिली ती अवघ्या ५ मेगावॉटची भट्टी, २००२ ला बंद झाली आणि तीही दाखवतात. स्कॉटलंडमध्ये डूनरेच्या एका भट्टीची फक्त कंट्रोल रूम उचलून जवळच्या थर्सो गावातल्या संग्रहालयात मांडली. अख्खी भट्टी सांभाळण्यापेक्षा हे कितीतरी स्वस्त.

आता मला सर्वात आवडलेली गोष्ट. इथं झीलंड प्रांतात देशाचा सगळा किरणोत्सारी कचरा एका ठिकाणी ठेवतात. जास्त घातक कचऱ्याची इमारत २००३ मध्ये सुरू झाली. ती लपवलेली नाही. एका चित्रकारानं ती भडक नारिंगी रंगवलीय आणि भिंतीवर आइन्स्टाइनचं समीकरण मोठ्या हिरव्या अक्षरांत लिहिलंय. ठरावीक वर्षांनी इमारत पुन्हा रंगवायची, दर वेळी एक छटा फिकट, आणि शंभर वर्षांनी ती पांढरी. आतला कचरा जसा निवत जातो तसा बाहेरचा रंग. तिथल्या कमी किरणोत्साराच्या कचऱ्याच्या गोदामाचं तापमान आणि दमटपणा कायम एकसारखा ठेवावा लागतो, म्हणून आसपासच्या संग्रहालयांनी आपल्या जादा वस्तू तिथंच एका भागात ठेवायला दिल्यात. चित्रं आणि कचरा एका छपराखाली, वेगवेगळ्या खोल्यांत. रंग द्यायचा म्हटलं की दर पिढीतल्या कुणाला तरी विचारावंच लागतं, की का बुवा हा रंग? मग सांगणारा सांगतो.

शेंगापोळी
नारिंगी इमारतीची कल्पना फार आवडली!!

भीमाकाठ
इतिहास शिकवते, म्हणून थोडं लांबून येते विषयावर.

आपल्या दक्षिण सोलापुरात हत्तरसंग कुडलला, भीमा आणि सीनेच्या संगमावर, संगमेश्वराच्या देवळात मराठी शिलालेख आहे. शके ९४०, म्हणजे १०१८ साल. जो हे वाचील तो विजयी होईल, असा त्याचा आशय लावतात. हजार वर्षं झाली. आज आपण मराठीच बोलतो, तरी तो लेख समोर उभं राहून वाचणारे किती? मी दरवर्षी मुलांना नेते, दोन-तीन अक्षरांवर गाडी अडते.

आता अमेरिकेतल्या न्यू मेक्सिकोत १९९९ पासून मिठाच्या थरात सुमारे साडेसहाशे मीटर खोल प्लुटोनियमचा कचरा पुरताहेत. तिथं अट अशी आहे की जागा बंद केल्यावर दहा हजार वर्षं पुढच्या माणसाला कळलं पाहिजे, इथं खणू नका. त्यासाठी भाषातज्ज्ञ, मानववंशशास्त्रज्ञ, कलावंत यांना बसवून विचार केला. आजची कुठलीच भाषा तेव्हा राहील याची खात्री नाही, म्हणून चेहऱ्यांची चित्रं, अणकुचीदार काटेरी खांब, असं बरंच सुचवलं गेलं.

हे वाचल्यावर माझ्या डोळ्यांसमोर आपले गद्धेगळ आले. शिलाहार-यादवांच्या काळातले ते दगड. वर चंद्र-सूर्य, मध्ये दानाचा लेख, खाली गाढव आणि स्त्री. म्हणजे चंद्र-सूर्य असेतोवर हे दान मोडू नका, मोडाल तर काय शाप लागेल ते चित्रात. अक्षर न येणाऱ्यालाही कळावं म्हणून चित्र. इतका विचार करून कोरलेला इशारा, आणि आज कितीतरी गावांत तोच दगड शेंदूर लावून देव म्हणून पुजतात. दगड टिकला, चित्र टिकलं, अर्थ सुटला. कारण मधे सांगणारी माणसं तुटली.

म्हणून मला मुरारजी पेठ यांचं म्हणणं पटतं, पण माझं कारण वेगळं आहे. अणुस्थळ जपणं म्हणजे सांगणाऱ्यांची साखळी चालू ठेवणं. खांब उभारून, पाटी लावून निघून गेलो तर आठशे वर्षांतच तिला शेंदूर लागतो. तिथं दहा हजारांचा हिशेब आहे.

हातमाग
भीमाकाठ मॅडम, अंगावर काटा आला.

कडक भाकरी
मॅडमचा मुद्दा मला पटला. इशारा म्हणून जपा, मग माझी हरकत नाही. पण मग त्याचे पैसे पर्यटन खात्याच्या बजेटमधून का? ज्यांनी भट्टी चालवून वीज विकली, त्या विजेच्या पैशातून भट्टी मोडायचा खर्च बाजूला काढायचा असतो ना? आठवण ठेवायचा खर्चही त्यातच धरा. आणि लोकांच्या नळाच्या पाण्यातून नको.

मुरारजी पेठ
कडक भाकरी, हे तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं मांडलंत. मोडण्याचा निधी आपल्याकडेही विजेच्या दरातूनच गोळा होतो. त्यातला थोडासा भाग नोंदी, फोटो, मुलाखती, एखादी कंट्रोल रूम यासाठी आधीच धरला, तर वेगळं बजेट मागायची वेळच येत नाही. भट्टी मोडायच्या खर्चापुढे हा खर्च अगदी किरकोळ आहे.

कायद्याची अडचण मात्र खरी आहे. १९५८ च्या केंद्रीय कायद्यात प्राचीन स्मारक म्हणायला वास्तू किमान शंभर वर्षांची लागते. त्या हिशेबानं अप्सराची इमारत २०५६ पर्यंत थांबली पाहिजे. अप्सरा म्हणजे सोव्हिएत संघ वगळता आशियातली पहिली अणुभट्टी. पाण्याच्या हौदात बुडवलेलं इंधन, आणि वरून वाकून बघितलं की दिसणारा निळा प्रकाश. तिथंच २०१८ मध्ये नव्या अवतारातली अप्सरा सुरू झाली, त्यामुळे काम पुढे चालू आहे, याचा आनंदच आहे. पण जुन्या भट्टीचं काय काय ठेवलं, हे आपल्यासारख्याला कुठं बघता येतं?

डॉ. होमी भाभांच्या बंगल्याचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. मलबार हिलवरचा 'मेहरांगीर'. २०१४ मध्ये ३७२ कोटींना लिलाव झाला. तो स्मारक म्हणून राहावा म्हणून शास्त्रज्ञांनी, कर्मचाऱ्यांनी खूप धडपड केली, कोर्टापर्यंत गेले. २०१६ मध्ये बंगला पाडला. त्याच्या उलट आपल्या सोलापुरात डॉ. कोटणीसांचं घर महापालिकेनं स्मारक म्हणून जपलंय, चीनमधून आलेली माणसं ते बघायला मुद्दाम वाकडी वाट करून येतात. घर लहान आहे, पण उभं आहे.

शेंगापोळी
कुमठ्याच्या साखर कारखान्याची चिमणी पाडली तेव्हा (१५ जून २०२३) सगळ्या गावानं व्हिडिओ काढले होते. तसंच काहीसं इंग्लंडमध्येही झालं ना? कुठंतरी पाहिलंय.

सोलापूर ते आइंडहोवन
हो, काल्डर हॉल. १९५६ मध्ये राणीच्या हस्ते उद्घाटन झालेलं अणुवीजकेंद्र, २००३ मध्ये बंद. त्याचे ८८ मीटर उंचीचे चार मनोरे २९ सप्टेंबर २००७ ला स्फोटकं लावून पाडले. बघायला गर्दी जमली होती. काही सेकंदांत चारही खाली.

पडतानाचे व्हिडिओ सगळ्यांकडे असतात. चालू असतानाचे कुणाकडे नसतात, हे मला कुमठ्यालाही जाणवलं. तिथं बॉयलरवर पाळी करणाऱ्या एकाशी तरी बोलायला हवं होतं कुणीतरी, पडायच्या आधी.

भीमाकाठ
माझी कॉलेजची मुलं मौखिक इतिहासाचं काम करतात. यंदा हातमाग ताईंच्या वडिलांसारख्या गिरणी कामगारांच्या मुलाखती घ्यायचं ठरलंय. त्याच्या जोडीला बोईसर ते सोलापूर काकांची मुलाखत घेता येईल का? काका, नोकरीतली गुप्तता असेल तिथं आम्ही विचारणारच नाही. रोजचं काम, वसाहत, भीती, अभिमान, सुट्टीत सोलापूरला आल्यावर लोक काय विचारायचे, एवढंच.

मुरारजी पेठ
मॅडम, मीही येतो. काका, तुमच्या काळातलं काय सगळ्यात आधी जपावं असं तुम्हाला वाटतं? भट्टी, कंट्रोल रूम की आणखी काही?

बोईसर ते सोलापूर
लॉगबुकं. दर शिफ्टला काय झालं, कुठला वाल्व उघडला, कोणत्या पंपाचा आवाज बदलला, कोण आजारी पडलं म्हणून कोण थांबलं, सगळं हातानं लिहिलेलं असतं. रात्रीच्या पाळीचं अक्षर वेगळं येतं, ते वाचून कळतं माणूस किती दमलाय. यंत्राची ड्रॉइंग कुठंही मिळतील. ती भट्टी प्रत्यक्षात कशी वागायची हे फक्त तिथं लिहिलेलं आहे, आणि मोडायला जे येतील त्यांनासुद्धा तेच लागणार आहे. कुठली पाइप कधी गळली होती हे माहीत नसेल तर कापणारा माणूस डोस घेतो. जपणं आणि सुरक्षितता, दोन्ही एकाच वहीत आहेत.

लोक काय विचारायचे म्हणाल, तर पहिला प्रश्न नेहमी हाच, की अंधारात चमकता का? मी दर वेळी बसून बॅज काय असतो, डोस कसा मोजतात ते समजावून सांगायचो. काही जण ऐकायचे, काही हसून उठायचे.

मुलाखतीला माझी ना नाही. रविवारी सकाळी दहानंतर घरी या. नोकरीच्या जागेचा एकही फोटो माझ्याकडे नाही, तशी परवानगीच नव्हती. वसाहतीतले आहेत, गणपतीचे, शाळेच्या गॅदरिंगचे. आणि मॅडम, माझ्या बायकोलाही समोर बसवा. शिफ्ट माझ्या होत्या, पण सायरनच्या सरावाच्या दिवशी पोरांना घेऊन घरात कसं थांबायचं, मासे कुठून घ्यायचे, बाहेरच्या गावातल्या बायका आमच्याशी कशा वागायच्या, हे सगळं तिला माहीत आहे.

हातमाग
काकूंचे प्रश्न मी लिहून आणते.